प्रेताची शिंक

“नोरा, आ... आजचा मासा शिळा होता गं!”

मूकपटांच्या दिवसांतला लायोनेलचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पडद्यावर तो तेव्हा गुडघे टेकून माझ्यावर प्राण ओवाळत होता! कोपऱ्यात व्हायोलिन वाजायचं. ओठ हलले की झालं. बोलायचं ते आपल्या मनाचं. चांदणं रंगाचं, आसवं ग्लिसरीनची आणि गप्पा माशाच्या! तो अडखळत बोलतो, हे लंडनभर कुणाला कळलंच नाही.

मग चित्रपट बोलू लागले आणि लायोनेल मुका झाला. नायकाचं प्रेत झालं. स्वस्तातल्या खूनपटांत तो गालिच्यावर पडायचा आणि मी, मोलकरीण होऊन, त्याच्या उशाशी रडायचे.

“एका आठवड्यात खून, त्याच आठवड्यात फाशी, की चित्रपट तयार!” आमचे दिग्दर्शक क्रॅबसाहेब छाती काढून म्हणाले. “प्रसंग एकदाच घेणार. चहानंतर हा दिवाणखाना मोडून पोलीस चौकी उभारायचीय. आणि लायोनेल, मागच्या वेळी प्रेताचं पोट गुरगुरलं! आज हूं की चूं झालं, तर उद्यापासून प्रेत दुसरं!”

“क... कळलं.”

“बघा, मेला तरी बोलतोय!” बर्ट्रम हसला. तो आमच्या चित्रपटातला गुप्तहेर.

मायक्रोफोन फुलदाणीत लपवला होता. कागदी फुलं त्यात वणव्यासारखी चरचरली, म्हणून साहेबांनी खऱ्या लिली आणवल्या आणि नेमक्या लायोनेलच्या नाकाशी ठेवल्या!

चित्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. देवळातही नसते अशी शांतता. मी गुडघे टेकले. लायोनेलचं नाक थरथरलं. ‘नको रे राजा,’ मी मनात विनवलं, ‘आज नको!’

“आक् छी!”

परागांचा धुरळा उडाला. साहेब ओरडूही शकेनात. पिकावरचे कावळे हाकलावेत तसे नुसतेच हात हलवू लागले!

बर्ट्रम मात्र वस्ताद. “अरे, धुगधुगी आहे! बोला सरकार, कुणी मारलं तुम्हाला?”

लायोनेलला काय ठाऊक? प्रेताला संवाद कोण वाचायला देतो! त्याची भेदरलेली नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. जुनी सवय. समोर मी, आणि बोलायचं ते मनाचं.

“नोरा...” तो म्हणाला. स्वच्छ. कुठेही न अडखळता.

“नोरा? म्हणजे ही मोलकरीण!” खट्कन माझ्या हातांत बेड्या!

“अहो, मी नाही हो!”

“सगळे खुनी हेच म्हणतात!”

दिवा विझला. आता लायोनेल गेला कामावरून, असं वाटून मी डोळे मिटले.

“सोनं!” साहेब नाचत आले. “मरता मरता शिंकला! बायका धाय मोकलून रडतील!”

“पण साहेब, खुनी तर डॉक्टर होता ना?”

“होता! आता तू आहेस. डॉक्टरला घरी पाठवा!”

आमच्याभोवती दिवाणखान्याच्या भिंती निघू लागल्या. बेड्यांची चावी बर्ट्रमच्या दुसऱ्या पँटमध्ये राहिली होती आणि ती पँट धोब्याकडे! लायोनेल माझ्याजवळ येऊन बसला. सदऱ्यावर चॉकलेटचं रक्त सुकलं होतं.

“मला फासावर चढवलंस,” मी म्हटलं, “आणि अडखळलासुद्धा नाहीस!”

“ते नाव मनात फार घोळवलंय गं.”

“पुढे काय म्हणणार होतास? मासा शिळा होता?”

त्याने नकारार्थी मान हलवली. माझ्या बेड्यांची साखळी त्याने हलकेच हातात घेतली. पळायला मला वाट नव्हतीच.

“मला ते... तेव्हाही माशाबद्दल बोलायचं नव्हतं, नोरा. माझ्याशी ल... लग्न करशील?”