तीनशे साठ किलोंचं सासर

गाडीतलं मला बऱ्यापैकी कळतं. म्हणजे गाडी चालवता येते, चाकात हवा भरता येते आणि मेस्त्री बोलत असताना योग्य जागी मान हलवता येते. एवढ्या भांडवलावर लोकांनी गॅरेजं काढली आहेत. म्हणून गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदलायचं ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं, "डोकं माझं, हात मेस्त्रीचे. शुक्रवारपर्यंत गाडी नवी."

"हात मेस्त्रीचे, ते बरं," बायको म्हणाली. "डोकंही त्याचंच असतं तर?"

आमची गाडी एकोणीस वर्षांची आहे. लांबलचक, मागे डिकीच्या जागी जवळजवळ एक खोलीच. घरात तिला मगर म्हणतात. बायको मातीच्या कुंड्या आणि भांडी करते आणि दर रविवारी ती ट्रेलरवर लादून, ट्रेलर मगरीला जोडून आम्ही बाजारात नेतो. मागच्या सीटवर सासूबाई आणि मेहुणा असतात. सासूबाई गिऱ्हाइकांशी बोलतात, मेहुणा जड सामान उचलतो, निदान उचलताना दिसतो. बायको कधी पुढे बसते, कधी मागे, भांडण कोणाशी झालंय त्यावर.

अडचण एवढीच होती की सगळं लादल्यावर मगर मागून बसायची. बसायची म्हणजे जेवण जास्त झाल्यासारखी. पुढचं तोंड वर जायचं आणि दिव्यांचा झोत रस्त्यावर न पडता समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पडायचा. तिथे एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी मला दोनदा लेखी समज दिली होती.

त्यात बायकोला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. एका हॉटेलच्या बागेसाठी गुडघ्याएवढ्या वीस कुंड्या. चार महिने ती त्यांच्यामागे होती. अकरा भट्टीत तडकल्या, अकरा पुन्हा केल्या. हॉटेलच्या मॅनेजरनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "शनिवारी अकराच्या आत सगळ्या, शाबूत. नाहीतर माझ्याकडे प्लास्टिकवाला तयार आहे."

प्लास्टिक हा शब्द बायकोनं मला सांगताना असा उच्चारला, की मी त्याच क्षणी स्प्रिंगांचा विषय काढला.

स्प्रिंग घेताना मागे वजन किती येणार ते सांगावं लागतं. ट्रेलरचा भार मला माहीत होता. उरली मागच्या सीटवरची माणसं. मी वही घेऊन निघालो.

"तुझं वजन किती गं?"

"कशाला?"

"स्प्रिंगसाठी."

"अठ्ठावन्न," बायको म्हणाली. हे उत्तर तिनं इतक्या पटकन दिलं, की ते वर्षानुवर्षं तयार ठेवलेलं असावं. मी वहीत अठ्ठावन्न लिहिलं आणि तिची पाठ वळल्यावर त्याचं पंचाहत्तर केलं. वीस वर्षांच्या संसारात माणूस एवढी दुरुस्ती शिकतो.

सासूबाई म्हणाल्या, "माझं काय वजन असणार, जावईबापू? चिमणीएवढी उरलेय मी. लिहा पंचावन्न." मी सत्तर लिहिलं.

मेहुणा तीन महिन्यांपासून व्यायामशाळेत जात होता. त्यानं दंड फुगवून सांगितलं, "ब्याऐंशी, भाऊजी." आता जग वजन कमीच सांगतं, हा माझा सिद्धांत पक्का झाला होता. ब्याऐंशी सांगतोय म्हणजे खरं पंचाण्णव तरी असेल. लिहिलं पंचाण्णव. एकूण दोनशे चाळीस.

ही वही मी शेजारच्या पूलवाल्या काकांना दाखवली. काकांनी तीस वर्षं पूल बांधले. निवृत्त झाल्यापासून पूल मिळत नाही, म्हणून ते हाताला लागेल त्याचा हिशेब करतात. आमच्या जिन्याचा केला, त्यांच्या झोपाळ्याचा केला. झोपाळ्यावर आता कोणी बसत नाही.

"दोनशे चाळीस हा प्रत्यक्ष भार," काका म्हणाले. "सुरक्षेसाठी दीडपट धरायचा असतो."

"माणसं दीडपट होणार आहेत का?"

"पुलाला असं विचारून चालत नाही." त्यांनी पेन्सिलीनं तीनशे साठ लिहून खाली दोन रेघा मारल्या. काकांनी दोन रेघा मारल्या की विषय संपतो.

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं आकडा वाचला. "मागे काय वाहता?"

"माणसं."

"किती?"

"तीन."

त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तीन माणसं, तीनशे साठ किलो?"

"सासरची आहेत," मी म्हणालो.

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. "मग याच्या पुढचा नंबर घ्या. ट्रेलर ओढता म्हणताय, हाताशी थोडं जास्त असावं." म्हणजे मी भर घातली होती, तिच्यावर काकांनी घातली, तिच्यावर दुकानदारानं. प्रत्येकानं चांगल्याच हेतूनं घातली.

मेस्त्रीनं स्प्रिंगा हातात घेऊन बघितल्या. "साहेब, या टेम्पोला घालतात."

"सुरक्षेसाठी आहेत."

"जुन्या इतक्या वाईट नव्हत्या. मी म्हणतो, ट्रेलरमधलं सामान जरा मागे सरकवून बघितलं असतं..."

"तुम्ही बसवा," मी म्हणालो. डोकं कोणाचं, हे आधीच ठरलं होतं.

त्यानं बसवल्या. जुन्या स्प्रिंगा दुपारच्या भंगारवाल्याच्या गाडीतून गेल्या. मेस्त्री शनिवार-रविवार गावी जाणार होता, त्याला आवराआवर करायची होती.

मगर जॅकवरून खाली उतरली, पण मागचा भाग उतरलाच नाही. तो तसाच वर राहिला. वास घेत जमिनीत तोंड खुपसलेल्या आणि शेपूट वर केलेल्या जनावरासारखी ती दिसत होती. मी ती घरी आणली. दिवे आता चाकापुढच्या चार हातांवर पडत होते. रस्त्यावरच्या मुंग्या मला स्वच्छ दिसल्या. काका बाहेरच उभे होते. "भार आला की बसेल," ते म्हणाले. मला ते पटलं. तोंडावरच पडायला आलेल्या गाडीच्या मालकाला काहीही पटतं.

शनिवारी सकाळी सात वाजता वीस कुंड्या पेंढ्यात बसवून ट्रेलर तयार झाला. उतरवायला हॉटेलची माणसं होती, त्यामुळे सासूबाई आणि मेहुणा यायचे नव्हते. बायको पुढे बसणार होती. मागची सीट रिकामी.

ट्रेलर जोडला. जोडला म्हणजे काका, मी आणि मेहुणा अशा तिघांनी त्याचा दांडा छातीएवढा उचलून मगरीच्या मागच्या हुकावर टेकवला. ट्रेलरचं तोंड आभाळाकडे गेलं, शेपूट जमिनीला टेकायला आलं आणि वीसच्या वीस कुंड्या हळूच एक बोट मागे सरकल्या.

तो आवाज मी विसरणार नाही. बायकोनं धावत जाऊन ट्रेलरची मागची फळी दोन्ही हातांनी धरली.

"मागे वजन पाहिजे," काका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, गाडीच्या काचेवरच हिशेब केला. "दोनशे तीस किलो. त्याशिवाय हलायचं नाही. वाटेत ट्रेलर उलटा होईल."

"दोनशे तीस किलो काय?" मी विचारलं.

"काहीही. वजनाला चेहरा नसतो."

भट्टीच्या सुट्या विटा होत्या, त्या डिकीत भरल्या. चाळीस किलो झाल्या आणि संपल्या. माती तर सगळी कुंड्यांतच गेलेली. बादल्यांत पाणी भरून पाहिलं, ते पहिल्याच वळणावर सीटला मिळालं असतं. साडेआठ वाजले.

काकांनी चष्म्यावरून गाडीच्या मागच्या दाराकडे बघितलं. तिथे सासूबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, मेहुणा गाडीच्या बाजूच्या आरशात दंड बघत होता. "एकशे नव्वद हवेत," काका म्हणाले. "आता खरे आकडे सांगा. इथे चूक झाली तर कुंड्या फुटतील."

सासूबाईंनी चहाचा मोठा घोट घेतला.

बायको आत गेली आणि वजनकाटा घेऊन आली. तो फरशीवर ठेवला, चपला काढल्या, सगळ्यांसमोर उभी राहिली. "एकाहत्तर," तिनं स्वतःच वाचलं. "चार महिने भट्टीपाशी बसून खाल्लंय. पुढचा कोण?"

सासूबाई कप हातात घेऊनच चढायला लागल्या. "आई, कप." "कपाला काय वजन असतं?" शेवटी कप खाली ठेवला. चौसष्ट. "काटा जुना आहे," सासूबाई म्हणाल्या.

मेहुणा तहान लागली म्हणून आत निघाला होता. बायकोनं त्याला दंडाला धरून आणलं. तिची बोटं एकमेकांना लागली, यावरूनच मला अंदाज आला. एकसष्ट.

"स्नायू हलके असतात," तो म्हणाला.

काकांनी बेरीज केली. "एकशे शहाण्णव. झालं. सहा किलो शिल्लक."

मी हळूच वही उघडली. त्यांनी मला सांगितलेल्या आकड्यांची बेरीज एकशे पंच्याण्णव होती. तिघांनी आपापल्या परीनं खोटं सांगून एका किलोच्या फरकानं मला खरं सांगितलं होतं. माझ्या हुशारीनं तेवढं बिघडवलं. वही मी सीटखाली सरकवली.

तिघं मागे बसले, काका हिशेबाच्या देखरेखीसाठी पुढे. मगर खाली आली, ट्रेलर सरळ झाला. आम्ही निघालो. गतिरोधकावरून जाताना टेम्पोच्या स्प्रिंगा आम्हाला एकत्र उडवायच्या आणि एकत्र परत घ्यायच्या. प्रत्येक उडीला काका मागे वळून सांगत, "सगळ्यांनी एकदम खाली या. वेगवेगळे आलात तर भार बदलतो."

दहा पंचवीसला हॉटेलच्या बागेत पोहोचलो. मॅनेजर टाय लावून फाटकापाशी घड्याळ बघत उभा होता. बायकोनं दाराच्या कडीला हात घातला.

"थांब," काका ओरडले. "कोणीही उतरायचं नाही. एक जरी उतरला तरी मागचं वर जाईल आणि ट्रेलर मागे कलंडेल. आधी कुंड्या उतरू द्या."

मॅनेजर गाडीपाशी आला. "या मॅडम, आत बसून बोलू. चहा सांगितलाय."

बायकोनं काच चार बोटं खाली केली. चार महिन्यांची मेहनत तिच्या पाठीमागे दहा हातांवर डुगडुगत होती आणि ती जागची हलू शकत नव्हती. घाबरल्यावर काहींचा आवाज कापतो. माझ्या बायकोचा गार होतो.

"मी उतरत नसते," ती म्हणाली. "तुमची माणसं बोलवा. मागच्या ओळीपासून उतरवा. एकेक कुंडी, दोघांनी, तळाला धरून."

मॅनेजर सरळ उभा राहिला. "हो, हो. अर्थात."

"आणि त्या उन्हात ठेवू नका. त्या झाडाखाली."

"आई, तुम्हाला तरी चहा?" त्यानं सासूबाईंना विचारलं. सासूबाईंनी चहाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आम्ही कामाच्या वेळी घेत नाही." मेहुणा काळा गॉगल लावून समोर बघत बसला होता. तो हलला नाही, कारण काकांनी त्याला हलू नकोस म्हणून बजावलं होतं. मॅनेजरला तो काय वाटला देव जाणे, पण त्याच्या बाजूच्या दारापासून तो दोन पावलं लांब उभा राहिला.

अकराला दोन मिनिटं असताना विसावी कुंडी झाडाखाली टेकली. एकही तडा नव्हता. मॅनेजरनं सगळ्यांभोवती फेरी मारली आणि काचेपाशी येऊन कमरेत वाकून म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो, फोनवर तुमच्याशी जरा जास्तच बोललो. एवढ्या मोठ्या कलाकार आहात, कल्पना नव्हती. पुढची ऑर्डरही तुम्हालाच. जेवणाच्या टेबलांवरच्या छोट्या फुलदाण्या, दोनशे. तुम्ही उतरायची तसदी घेऊ नका, अशाच या."

बायकोनं काच वर केली. मी गाडी फाटकाबाहेर काढली. मग ती आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत मला सांगितलं, "जावईबापू, हळू चालवा, भार बदलतोय."

मी सोमवारी मेस्त्रीकडे जाऊन साध्या स्प्रिंगा घालून आणतो म्हणालो. बायकोनं गाडीला हात लावायला बंदी केली. तिच्या मते धंद्याची खरी सुरुवात त्या चार बोटं उघड्या काचेतून झाली आहे.

फुलदाण्या तयार होत आल्यात. एकीचं वजन कपाएवढं. दोनशे मिळूनही ट्रेलर जवळपास रिकामाच, त्यामुळे मगरीचं मागचं आणखी वर राहणार. काकांनी हिशेब करून खाली दोन रेघा मारल्या आहेत. मागे अजून दोन माणसं लागतील, शक्यतो सत्तरच्या वरची. सध्या मी घरी रोज संध्याकाळी फोन घेऊन बसतो आणि नातेवाइकांशी बिघडलेले संबंध सुधारतो.