सहज विचारलं

"बिलोलीला कोणत्या थांब्यावर उतरता?" व्यंकटरावांनी सहज विचारलं.

व्यंकटराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झालेले. नांदेड-लातूरकडचं कुठलं गाव कोणत्या फाट्यावर, हे त्यांना तोंडपाठ. त्यांना वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं द्यायची होती, आणि समोर चहाचा कप धरून बिलोलीकर बसले होते. त्यांच्या मुलीचे, सृष्टीचे, नीटचे क्लास सोमवारपासून होते. क्लास इथून चालत पाच मिनिटांवर, आणि आज शुक्रवार. याआधी लातुरात तीन खोल्या पसंत पडल्या होत्या. तिन्ही रिकाम्याच होत्या, पण बायकोचं नाव पंचशीला असं सांगेपर्यंतच.

"मोठ्या स्टँडवरच उतरतो," बिलोलीकर म्हणाले.

"हां. मग घराकडं डावीकडून का उजवीकडून?"

"ऑटो करतो मी. ऑटोवाला दारात सोडतो."

व्यंकटराव जात कधीच विचारत नसत. गल्लीत त्यांची तशी ख्यातीच होती, आणि ती त्यांनी स्वतःच पसरवलेली होती. ते फक्त गप्पा मारत.

"पाव्हणे कुणीकडले?"

"सासरवाडी इस्लापूरची."

"इस्लापूरला कुणाच्यात?"

"सहस्रकुंडाला गेल्ता का कधी? पावसाळ्यात धबधब्याला लई पाणी असतं."

"गेल्तो. पाणी लई हाय. पण सासरे कोण म्हणलात?"

"मास्तर होते."

व्यंकटरावांनी बशीत चहा ओतला. चाळीस वर्षं गाड्या सोडलेला माणूस, पण ही गाडी काही फलाटाला लागेना. शेती कुठली, तर नदीकडली. नोकरी पाटबंधाऱ्यात, ती कशातून लागली, तर परीक्षेतून. शेवटी ते जेवणावर आले. "घरात मटणबिटण? न्हाई, सहज विचारलं."

"मी तर तोंडाला लावत न्हाई," बिलोलीकर म्हणाले. युरिक अ‍ॅसिड वाढल्यापासून आठ वर्षं ते खरंच लावत नव्हते.

व्यंकटरावांचा चेहरा उजळला. नदीकाठची शेती, मास्तर सासरे, तोंडाला मटण नाही. त्यांनी हिशेब जुळवला आणि शेजारच्या वैजनाथला कुंपणावरून हाक मारली. "ओ वैजनाथ, खोली दिली बरं का. आपल्यातलेच निघाले."

बिलोलीकर एकही शब्द खोटं बोलले नव्हते. कचेरीत, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, वीस वर्षं असल्या सहज गप्पांतून ते सहीसलामत सुटत आले होते. या कलेचा त्यांना, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही होता. त्यांनी किल्ली घेतली, भाडेकरारावर सही केली. त्यावरची नावं वाचण्याचे कष्ट व्यंकटरावांनी घेतले नाहीत. आपल्यातल्या माणसाचं काय वाचायचं?

किल्ली दिल्यावर माणूस मोकळा होतो. "भाडेकरू लई येतात हो," व्यंकटराव म्हणाले, "पण बघून द्यावं लागतं. परवा एका बाईचा फोन आल्ता. पंचशीला का काय नाव. म्हणलं, खोली गेली. आपण जात मानत न्हाई, पण घरात देव हायत."

तो फोन आपल्याच बायकोनं केला होता, हे बिलोलीकरांना पक्कं ठाऊक होतं. खोली गेली म्हणतात आणि पाटी तर अजून लटकलेली आहे, हे बघूनच ते स्वतः आले होते. व्यंकटराव हसले, म्हणून तेही हसले.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. पुढच्या सीटवरून पंचशीला उतरली, हातात बुद्धाची तसबीर. "जयभीम काका," ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात फोनवर बोललो होतो आपण."

व्यंकटराव तसबिरीकडं बघत राहिले. कुंपणापलीकडं वैजनाथ दात घासायचा थांबला होता. आता खोली द्यायची नाही म्हणावं, तर का नाही हे सांगावं लागणार. जात मानत नाही म्हणून मिरवणाऱ्याला ते बोलता येईना, 'आपल्यातलेच' असं ज्याला सांगितलं त्या वैजनाथसमोर तर नाहीच, आणि प्रकरण पोलिसात गेलेलं परवडणारं नव्हतं. ते काहीच बोलले नाहीत, आणि त्यानंतरही बोलले नाहीत. नळ आल्याचंसुद्धा ते जिन्याच्या ग्रिलवर टकटक करून कळवायला लागले.

बिलोलीकरांना हे फार सोयीचं वाटलं. नांदेडच्या कचेरीत ते रंगवून सांगत. "लातुरात घरमालक पोरांच्या डोक्यावर बसतात. आमचा घरमालक बघा, चकार शब्द काढत न्हाई. पोरगी निवांत अभ्यास करून राहिली." दर शनिवारी खोलीवर आले की ते बायकोमुलीला व्यंकटरावांची नक्कलही करून दाखवत. डावीकडून का उजवीकडून, सासरे कोण, सगळं. पंचशीला पहिल्यांदा हसली होती. पुढं तिनं ती वेळ भांडी घासायला काढली.

तिसऱ्या शनिवारी नक्कल फोनच्या गोष्टीपर्यंत आली तेव्हा सृष्टीनं पुस्तकातून मान वर केली.

"पप्पा, त्यांनी एवढं विचारलं, तर तुम्ही सांगून का न्हाई टाकलं?"

"ते त्यांनी विचारलंच न्हाई की."

"बरं. मम्मीला खोली गेली म्हणून फसवलं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा तुम्ही काय म्हणलात?"

मोरीतला भांड्यांचा आवाज थांबला. बिलोलीकरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"जून संपत आला तरी ऊन लई हाय बघ यंदा," ते म्हणाले.

"हाव," सृष्टी म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.