डबाभर निर्दोष स्लीव्ह

"डब्यातली एकच काप, पोरी. बाकीच्यांवर विश्वास ठेव," निवृत्त होताना थोरल्या मिस्त्रींनी भट्टीवाल्या ताईंना बजावलं होतं.

वस्तीला पाणी देणाऱ्या पंपाच्या दांड्यावर एक पोलादी स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं आवरण, बसते. पाण्यातली वाळू तिला हळूहळू खाते. म्हणून कारखान्यात या स्लीव्ह बोरॉनच्या भुकटीत पुरून, डबा बंद करून भट्टीत तापवतात. बोरॉन पोलादात मुरतं आणि काचेसारखा कठीण थर तयार होतो. तो किती खोल मुरला, हे मात्र स्लीव्ह कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्याशिवाय कळत नाही.

पंपातली स्लीव्ह झिजत आली होती. पंपवाले काका रोज फेरी मारायचे. "ताई, नवी देताय ना? पंप बसला तर अख्खी वस्ती माझ्या दारात बादल्या आपटेल."

ताईंनी डबाभर स्लीव्ह भट्टीतून काढल्या आणि नेमके त्याच दिवशी तपासणी विभागाला नवे साहेब लाभले.

"एक कापली, चांगली निघाली. बाकीच्यांचं काय?"

"त्याच डब्यातल्या आहेत, साहेब. माझा विश्वास आहे."

"विश्वास कशात मोजतात, ताई?"

साहेबांनी दुसरी कापली. तीही उत्तम निघाली, त्यामुळे तिसरीबद्दलचा संशय बळावला. संध्याकाळपर्यंत डब्यातली प्रत्येक स्लीव्ह दोन तुकड्यांत निर्दोष ठरली. कारखान्याच्या इतिहासात प्रथमच नापास मालाचं प्रमाण शून्यावर आलं. शिल्लक मालाचंही आलं, पण ते मोजण्याचं काम दुसऱ्या विभागाकडे होतं. साहेबांचा सत्कार झाला. ताईंनीही टाळ्या वाजवल्या.

"अहो, पण मी पंपात बसवू काय?" काका कळवळले.

"प्रत्येक स्लीव्हचं प्रमाणपत्र मिळेल तुम्हाला," साहेब म्हणाले.

"ते दांड्यावर बसतं का?"

"भिंतीवर छान बसतं."

मग वस्तीची सभा झाली. आपण सगळेच होतो की तिथे. काकांनी हात जोडले. "नवा डबा भट्टीतून येईस्तोवर जुनीवर पंप हळूहळू चालवतो. तेवढं सांभाळून घ्या."

प्रश्न खरं तर मिटला होता. पण मागच्या रांगेतून आपल्यापैकीच कुणीतरी उठलं. "आत्ता पंपात आहे ती तरी तपासलेली आहे का?"

ती थोरल्या मिस्त्रींच्या हातची, न कापलेली. म्हणजे इतकी वर्षं आपण अप्रमाणित स्लीव्हचं पाणी पीत होतो!

"आमच्या लेकराबाळांचा प्रश्न आहे, साहेब!"

"शब्द देतो, मंडळी. सकाळचं पाणी सुटायच्या आत तपासतो."

आपण उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका तेवढे बसून होते. नकारात्मक माणूस!

साहेब दिल्या शब्दाला जागणारे. सकाळी आपण नळाखाली बादल्या लावत होतो, तेव्हा ते कटर काखोटीला मारून, लेकराबाळांची झोपमोड नको म्हणून पाय न वाजवता, पंपघराकडे निघाले.