ढोककाकांनी लिफ्ट कशी निवडली

प्रताप नगरात राहणारे मनोहरकाका ढोक यांच्यावर गेल्या मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता, भर बाजारातल्या एका हत्यारांच्या दुकानात अन्याय झाला. दुकानदाराने त्यांच्या हातातून राउटर लिफ्ट काढून घेतली आणि चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं, “काका, घ्यायची नसन तर हात नका लावू. सव्वा घंटा झाला, तुमी हँडलच फिरवून राहिले!”

मी साक्षीदार आहे. मी त्यांची शेजारीण. माझ्याच स्कूटीवर मागे बसवून त्यांना नेलं होतं. शिवाय मी पत्रकं काढते. फुटपाथ, नाली, रोहित्र... आमच्या भागात माझं पत्रक निघालं नाही असं फार थोडं उरलंय. हा विषय मी सोडणार नव्हते.

आधी ही लिफ्ट काय ते सांगते, कारण काकांचं घर एकमजली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. राउटर म्हणजे लाकडाच्या कडेला गोलाई आणणारं, खाच पाडणारं यंत्र. ते टेबलाखाली उलटं टांगतात; पातं तेवढं वर डोकावतं. पातं किती वर यावं हे ठरवायला टेबलाखाली शिरून चकती फिरवावी लागते. लिफ्ट बसवली की वरूनच हँडल फिरवायचं. एकटा माणूस उभ्याउभ्या सगळं करतो. एवढंच.

काका कचेरीतून निवृत्त झाल्यापासून अंगणातल्या पत्र्याच्या शेडात पाट आणि चौरंग करतात. पण टेबलाखाली ते कधीच शिरले नाहीत. शिरायच्या त्या शकुंतलाकाकू. काका वर पात्याला डोळा लावून उभे, काकू खाली पाटावर बसलेल्या. वरून “अजून, अजून, बस!” आणि खालून “एकदा ठरवा न काय ते!” बाईला टेबलाखाली बसवणाऱ्या या व्यवस्थेवर मी एक जळजळीत पत्रक छापलं होतं. काकूंनी त्याच्या पन्नास प्रती मागून घेतल्या. मला वाटलं, पेटल्या. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर वर्षभर किराण्याच्या याद्या केल्या.

आठ महिन्यांपूर्वी काकू टेबलाखाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. गुडघे. मी आणि काकांनी दोन्हीकडून धरून बाहेर काढलं. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद केलं. काकांनी टेबलावर जुनी चादर टाकली आणि जाहीर केलं, मनासारखी लिफ्ट मिळेल तेव्हाच ही चादर निघेल. तेव्हापासून शेडाला कुलूप आहे आणि काकू पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसतात. टीव्ही बंद असला तरी.

आता मनासारखी म्हणजे कशी? काकांचा एकच प्रश्न असतो. “चढते बराबर. उतरते कशी, ते दाखव.” वर नेताना सगळ्याच लिफ्टा शहाण्यासारख्या वागतात, खाली आणताना आतल्या स्क्रूची चूडी ढिली पडते, ठरवलेली उंची केसभर सरकते आणि पाटाची कड बिघडते. प्रश्न रास्त आहे. पण सवय लागली की माणूस कुठेही विचारतो. वॉर्डात निवडणुकीला उभ्या राहिलेल्या गृहस्थांना काकांनी फाटकातच विचारलं, “चढसान तर बराबर. उतरसान कसे?” रामटेकच्या जत्रेत आकाशपाळणेवाल्यालाही विचारलं. तिथे मात्र मी काकांच्या बाजूने होते.

असो. मंगळवारच्या अन्यायावर मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: ‘ज्येष्ठांचा हात झटकणाऱ्या दुकानदाराचा जाहीर निषेध!’ काकांनी चष्मा लावून वाचलं.

“काहून वं पोरी, त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय देतं? मीच त्याचं डोकं खाऊन राहिलो होतो.”

“सव्वा तास झाला म्हणून काय झालं? गिऱ्हाइकाचा हक्क आहे!”

“हक्क आहे न. पण भजे खायची वेळ होती त्याची.”

मी फाडलं नाही. घडी करून ठेवलं.

गुरुवारी दुसरं दुकान. मी आत शिरतानाच बजावलं की काकांना कोणी घाई करायची नाही. मालक म्हणाला, “करा न आरामात,” आणि दोन स्टूल देऊन जेवायला निघून गेला. लढायला कोणी उरलंच नाही.

काकांनी प्रत्येक लिफ्टला पोलादी पट्टी लावली. चार फेरे वर, चार फेरे खाली. एक परतताना सरकली. एकीत आमच्या राउटरची सोबत नेलेली मोटर बसेना. मग काका मला म्हणाले, “तू बस या स्टुलावर. बसूनच फिरव. जोर लागते का?”

“थोडासा.”

“थोडासा म्हणजे नाही चालत.”

“काका, तुम्ही तर उभे राहून फिरवणार!”

“तू फिरव न वं.”

शेवटची एक अशी फिरली की मला वाटलं, हँडल निसटलंच. पट्टीवर मात्र उंची जिथल्या तिथे. काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि जेवून परतलेल्या मालकाला म्हणाले, “बांध.”

शनिवारी सकाळी शेड उघडं दिसलं म्हणून गेले. चादर निघाली होती. लिफ्ट टेबलात चपखल बसलेली. पण हँडलचं भोक काका उभे राहतात तिकडे नाही, पार पलीकडच्या काठाला! म्हणजे पात्याला डोळा लावला तर हँडलला हात पोचत नाही. मी ओरडलेच, “काका, उलटी बसवली!”

“उलटी कायले? मोजून बसवली.”

ते घरात गेले आणि हातांची वेताची खुर्ची घेऊन आले. ती पलीकडे, भोकासमोर ठेवली. खाली फळी सरकवून उंची जमवली. बसून पाहिलं, उठून पाहिलं, पुन्हा फळी बदलली. मग खाली मान घालून, मला ऐकू येईल न येईल असं म्हणाले, “सुलटी बसवली तर सगळं मलेच करता येते. मंग तुही काकू शेडात येईन कायले?”

मग मोठ्याने हाक गेली, “शकू! येतं का वं?”

काकू आल्या, भिंत धरत, एकेक पायरी. खुर्चीत टेकल्या. टेबल त्यांनी वरून बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. म्हणाल्या, “इथून तर तुमचं थोबाड दिसते!” आणि हँडल हातात घेतलं.

“किती फिरवू?”

“अर्धा फेरा.”

“माह्या हातचा का तुमच्या?”

“अजून... अजून... बस!”

“एकदा ठरवा न काय ते!”

राउटर सुरू झाला. पाटाची पहिली कड गोल होऊन बाहेर आली. काकूंनी तिच्यावरून अंगठा फिरवला, जरा खरखरीत आहे म्हणाल्या, आणि काकांना पुन्हा करायला लावली.

तेव्हा वाचकहो, माझी मागणी साधी आहे. तुमच्या घरातलं एक तरी यंत्र असं बसवा की ते एकट्याला चालवताच येऊ नये. आजच बसवा. सबबी मी ऐकून घेणार नाही.