गाडीचे नवे बूट

"आज येताना तू माझ्या मागे बसून येणार! नाही आलीस तर दुकानाचं नाव बदलीन!"

सकाळी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभं राहून चकाचकने अशी गर्जना केली.

"दुकानाला नाव आहे कुठं?" बायकोने आतून विचारलं.

"तेच म्हणतो. मग आधी ठेवावं लागेल, नंतर बदलावं लागेल. केवढा त्रास! त्यापेक्षा तू बसच!"

आतून नुसता कानशीचा आवाज आला, खर्रर्र, खर्रर्र. त्या आवाजात हो होतं की नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही चकाचकला कळायचं नाही.

दुकान बुटांचं. बूट करायचे, शिवायचे, बुटांची आजारपणं काढायची. तिच्याकडे तळ आणि त्याच्याकडे वरचा भाग, अशी लग्न झाल्यापासूनची वाटणी. ती तळ कापायची, कानशीने खरवडायची, चिकटवायची, ठोकायची. तो शिवण घालायचा, आणि शेवटी ब्रश घेऊन असा काही चमकवायचा की गिऱ्हाईक बुटात बघून भांग पाडून घ्यायचं! म्हणून गल्लीने त्याचं नाव चकाचक ठेवलं. त्याच्या हातातून बिनचमकता काही सुटतच नसे. दाराची कडी, चहाची किटली, शिवणयंत्राचं चाक, सगळं लखलखतं. शेजाऱ्यांचा काळा कुत्रा एकदा दुपारचा पायरीवर झोपला होता. चकाचक ब्रश घेऊन त्याच्याकडे नुसता बघायला लागला, तर कुत्रा उठून जो गेला तो आठवडाभर फिरकला नाही!

दुकानाबाहेर मोटरसायकल असे. लग्नाआधीची, पण लग्नाइतकीच मुरलेली. तिच्यावरून दोघं कातडं आणायला गेली, आजारी माणसांना भेटायला गेली, आणि कधी कुठेच जायचं नसलं तर तिथेही गेली. तो पुढे, ती मागे, वारा दोघांच्या मध्ये शिरायला बघायचा आणि जागा नाही म्हणून परत जायचा.

मग मागच्या वर्षी बेकरीजवळच्या वळणावर गाडी घसरली आणि दोघं वाळूच्या ढिगात जाऊन बसली. लागलं कुणालाच नाही. बायको उठली, कपडे झटकले, मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "टायर बघा, तळहातासारखे गुळगुळीत झालेत," आणि चालत घरी गेली. त्या दिवसापासून ती बसने जाऊ लागली. तिचं हेल्मेट दुकानातल्या खिळ्याला लटकलं. चकाचक दर आठवड्याला ते काढून पुसायचा, चमकवायचा, परत अडकवायचा. मागची सीट मोकळी घेऊन फिरताना त्याला गाडी हलकी लागायची, आणि ते हलकेपणच त्याला जड जायचं.

नवे टायर घ्यावेत तर गावात त्या मापाचे मिळेनात. "काका, हे माप आता फोटोतच," असं एका दुकानदाराने सांगितलं. आणि अशात रॅलीची बातमी आली! गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर जुन्या मोटरसायकलींची रॅली. तिथे एक टायरवाला जुन्या मापाचे टायर घेऊन येणार, जागच्या जागी बसवून देणार. शिवाय संध्याकाळी जोडीची फेरी! नवरा-बायकोने एका गाडीवर बसून मैदानाला एक चक्कर मारायची. बक्षीस नाही, काही नाही, नुसत्या टाळ्या. चकाचकने बायकोला न विचारताच जोडीचं नाव देऊन टाकलं.

"मी दुपारच्या बसने येते," ती एवढंच म्हणाली. पण बघा हं, खिळ्यावरचं हेल्मेट तिने काढलं आणि पिशवीत घातलं! चकाचक उडत उडत मैदानावर पोचला.

टायरवाला कामाचा माणूस होता. बोलता बोलता त्याने चाकं उतरवली, जुने टायर काढले, नवे चढवले, हवा भरली.

"काका, नवे आहेत. वर एक बुळबुळीत थर असतो, तो रस्त्याला घासून जाईपर्यंत जपून चालवा."

"हो हो!" चकाचक म्हणाला. पण त्याच्या कानात 'नवे' एवढंच शिरलं होतं. नवे! नवे, आणि हे असे? मळकट, खडूच्या खुणा असलेले, अंगावर रबराचे बारीक केस उभे राहिलेले? त्याच्या दुकानातून अशा अवतारात एक सपातसुद्धा कधी बाहेर पडली नव्हती. आणि आज तर ती येणार होती बघायला!

त्याचे हात शिवशिवायला लागले. डिकीत सामान होतंच. सामानाशिवाय तो अंघोळीलासुद्धा जात नसे. आधी त्याने कातडं कापायच्या रापीने रबराचे केस कापले, जसे बुटाचे दोरे कापतात तसे. मग डबी उघडली. काळं पॉलिश, भरपूर. मग ब्रश. मग मऊ फडकं. कडा, बाजू, खाचा, सगळं. एकही जागा त्याने सोडली नाही. घोटून घोटून टायर असे झाले की आकाशातला ढग आधी टायरमध्ये दिसायचा आणि मग वर!

"अहो, हे कुठले टायर?" एक दाढीवाला थांबला.

"तिथलेच. त्या मंडपातले," चकाचक विनयाने म्हणाला. विनय फार वेळ टिकला नाही.

दाढीवाला टायरवाल्याकडे गेला. "मला त्या काकांसारखे चमकणारे द्या!"

"सगळे सारखेच आहेत."

"सारखे? मग मला मघाशी मळके का दिलेत?"

"मळका नाही हो, टायर काळा असतो!"

"आणि त्यांचा काय पांढरा आहे? बघून या जरा!"

दाढीवाल्यामागे आणखी चारपाच जण जमले. ज्याला त्याला चांगले टायर दडवून ठेवल्याचा संशय! टायरवाला जेवायला बसला होता. घास हातात तसाच धरून तो ओरडला, "मला काय विचारता? त्यांनाच जाऊन विचारा!"

आणि सगळे चकाचककडे आले.

आता चांगल्या माणसाने काय करावं? नाही म्हणावं? "या, बसा! म्हणजे गाडी उभी करा!" असं म्हणून चकाचकने बाह्या वर केल्या. दुपारभर ब्रश चालला. डबी संपली, दुसरी उघडली. दाढीवाल्याची गाडी झाली, तिच्या शेजारची झाली, ओळीने सहा गाड्यांना नवे बूट चढले. दाढीवाल्याच्या बायकोने तर टायरमध्ये बघून केस नीट केले. चकाचकला वाटलं, जन्माचं सार्थक म्हणतात ते हेच!

इतक्यात मागून ओळखीची पावलं वाजली. बसने आलेली बायको उभी होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात हेल्मेट.

"आलीस! बघ!" चकाचक बाजूला झाला. "दिसतोय की नाही चेहरा?"

ती वाकली. टायरवरून बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. तो वास तिला कोण सांगणार? तिच्या घराला, उशीला, नवऱ्याच्या शर्टाला तोच वास होता.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय लावलंत?"

"पॉलिश! गाडीचे बूटच की हे!"

"बूटच. मग सांगा, बुटाचा कुठला भाग जमिनीला लागतो?"

"तळ."

"आणि मी सबंध दिवस कानस घेऊन त्या तळाला काय करते?"

"खरवडतेस."

"कशाला?"

"घसरू नये म्ह..." आणि चकाचकचं तोंड तसंच उघडं राहिलं. आयुष्यभर त्याने वरचा भाग बघितला होता. तळ हे तिचं खातं! जे खातं आपलं नाही, त्यात आज त्याने दोन डब्या ओतल्या होत्या.

"बरं झालं, एकाच गाडीवर निभावलं," बायको म्हणाली.

चकाचकची नजर पुढच्या रांगेतल्या गाड्यांकडे गेली.

"अहो? एकाच ना?"

तेवढ्यात कडेच्या आपल्या मंडपातून माइकवाल्याचा आवाज मैदानभर घुमला. "जोडीच्या फेरीसाठी सगळ्या जोड्या तयार आहेत!" धूळ बसावी म्हणून टँकरने नुकतंच पाणी मारलं होतं. गवत ओलं, टायर लखलखीत, आणि सहा जोड्या इंजिनं सुरू करून अगदी पुढच्या रांगेत!

चकाचक धावला. दोन्ही हात वर करून, जोरजोरात हलवत, जिवाच्या आकांताने धावला. "थांबा! थांबा!"

इंजिनांच्या आवाजात थांबा कुणाला ऐकू येणार? माइकवाल्याला दिसले फक्त हात.

"आणि आपले लाडके चकाचक काका हात हलवून फेरीला सुरुवात करून देत आहेत! टाळ्या!"

जोड्या सुटल्या. पहिल्या वळणापर्यंत दृश्य मोठं देखणं होतं.

"पहिली जोडी वळते आहे... वळते आहे... अजून वळतेच आहे... बसली! दुसरी जोडी त्यांच्या सोबतीला आली! तिसरी... अहो, वहिनी उतरल्या नव्हत्या, गाडीच खालून निघून गेली!"

वेग कासवाचा होता, गवत गादीसारखं होतं, म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोण्याच्या गोळ्यासारख्या गाड्या एकेक करून हळूच, सावकाश, जणू झोप आल्यासारख्या आडव्या होत होत्या. दाढीवाला बायकोसकट बसल्या बसल्या वीतभर पुढे सरकला, मग आणखी वीतभर, आणि बरोबर चकाचकच्या पायाशी येऊन थांबला.

"काका!" तो चिखलातून म्हणाला. "काय लावलंत हो?"

चकाचकला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. लोकांच्या हसण्याचं त्याला काही नव्हतं. त्याने मागे वळून बघितलं ते फक्त हेल्मेटकडे. बायकोने ते गाडीच्या सीटवर ठेवून दिलं होतं. संपलं, त्याच्या मनात आलं. आता खिळाच त्याचं घर!

पण ती तर चहावाल्याशी बोलत होती. गरम पाण्याची बादली घेऊन आली, साबण घेऊन आली, टायरवाल्याकडचे तारेचे ब्रश घेऊन आली. मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि दुकानातल्या आवाजात म्हणाली, "जोडीने खाली बसा. एकाने पाणी टाका, एकाने घासा. चमक दिसता कामा नये!"

त्या आवाजापुढे दाढीसुद्धा नमली. चकाचकही मुकाट्याने आपल्या गाडीपाशी बसला. तीही समोर बसली. त्याने पाणी टाकायचं, तिने घासायचं. घासताना ती नेहमीसारखी गुणगुणायला लागली. तिची गाणी तिचीच असत, कामातून उगवायची आणि कामाबरोबर संपायची.

घास गं बाई घास, तळाला कसली लाज,
वरचं चमको न चमको, खालून धर गं आज!

शेजारच्या जोडीने ओळ उचलली, मग पुढच्या जोडीने. उन्हं कलली. ओल्या गवतावर जोड्या समोरासमोर बसल्या होत्या, मध्ये एक चाक, चार हात आणि काळा काळा फेस. एकमेकांच्या नाकाला काळं लागलं म्हणून कुणी हसत होतं, कुणी हळूच पुसून देत होतं. दाढीवाल्याची बायको म्हणाली, "आम्ही इतका वेळ एका जागी बसून किती वर्षांत बोललो नव्हतो!"

"चुकलं माझं," चकाचक चाकाच्या आरपार बघत म्हणाला. "तू आपली बसनेच जा. मी काही म्हणणार नाही."

ती उठली, हात धुतले, टायरवरून तळवा फिरवला. खरखरीत, ओबडधोबड, देखण्याचं नाव नाही. मग तिने सीटवरचं हेल्मेट उचललं आणि डोक्यात घातलं.

"चला. फेरी राहिलीय."

चकाचकने गाडी सुरू केली. मागची सीट दबली. खांद्यावर हात आला. वारा मध्ये शिरायला आला आणि परत गेला. खरवडलेल्या टायरांनी जमीन अशी धरली की पहिलं वळण केव्हा मागे पडलं ते कळलंसुद्धा नाही.

"नाही ना भीती वाटत टायरांची?" त्याने समोर बघत विचारलं.

"टायरांना कोण घाबरतं?"

"म्हणजे? वर्षभर बसने..."

"त्या दिवशी टायर नव्हते हो घसरले. तुम्ही मला काहीतरी सांगायला मागे वळलात, म्हणून पडलो आपण. नेहमीच वळता. बोलायचं माझ्याशी, आणि बघायचंही माझ्याकडे!"

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

ती त्याच्या कानाशी म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही गाडीवर बोलणंच बंद केलं असतं. ते मला नको होतं. टायर काय, नवे मिळतात."

लग्नानंतर इतकं गोड चकाचकला कुणी काही बोललं नव्हतं. असं ऐकल्यावर माणूस काय करणार? तो डोकं, मान आणि खांद्यासकट संपूर्ण मागे वळला.

"खरंच?"

"अहो, पुढे!"

आणि माइकवरून आवाज आला, "शेवटची जोडी अगदी रंगात येऊन... काका! काका, तो माझा मंडप आहे!"