ठेंगण्या घराचा चढता भाव

नीळकंठकाका सोनटक्के दाढी करायला उभे राहिले की वाटावं, माणूस आरशाच्या पाया पडतोय. काका सहा फुटांच्या वर, आणि त्यांच्या घरातला आरसा त्यांच्या छातीपाशी टांगलेला. दोन्ही गुडघे मोडून, मान पुढे काढून, एक हात भिंतीला टेकवून ते वस्तरा फिरवायचे. तेही आरशाच्या मधोमध नाही, तर एका कडेला सरकून. मी पहिल्यांदा त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा ते याच अवस्थेत होते. "या, बसा. दाढी करून राहिलो," असं त्यांनी आरशातूनच सांगितलं. मला फेस लावलेली हनुवटी तेवढी दिसली. मी तिलाच नमस्कार केला.

घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. रेल्वेत गार्ड असताना काकांनी ते स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. आतली खोली अंधारी म्हणून मी दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपू लागलो.

"खाली," काका म्हणाले.

मी हात खाली नेला.

"अजून खाली."

बटण माझ्या कमरेपाशी निघालं. मग लक्षात आलं की त्या घरात सगळंच असं होतं. दाराच्या कड्या पोटाशी, खुंट्या छातीशी, आणि स्वयंपाकाचा ओटा इतका ठेंगणा की त्यावर चहा करताना काकांच्या पाठीची कमान व्हायची. अंगणातली कपडे वाळत घालायची तार माझ्या गळ्याशी आली. काका मात्र तिच्याखालून न बघता वाकून निघून गेले. वाकण्याची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की पुढे ते माझ्या ऑफिसात आले तेव्हा तिथल्या आठ फुटी सरकारी दारातूनही वाकूनच आत शिरले.

माझ्याबद्दल एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला भाव करता येत नाही. भाजीवालीने नुसता उसासा टाकला तरी मला अपराध्यासारखं होतं आणि मी फुकट घेतलेली कोथिंबीर परत ठेवतो. छत्तीसगड वेगळं झालं, माझं खातं भोपाळहून रायपूरला आलं, आणि खात्याबरोबर आम्हीही आलो. गुढियारीत मालगाड्यांच्या रुळांशेजारी भाड्याचं घर मिळालं. डबे जोडले जायचे तेव्हा फडताळातली ताटं वाजायची. तेही घर आता जाणार होतं. मालकाला ते एका नव्या कार्यालयाला दुप्पट भाड्याने द्यायचं होतं, आणि शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही निघावं असं त्याने हात जोडून सांगितलं होतं. हात जोडल्यामुळे मला त्याच्याशी भांडताही आलं नाही.

म्हणून काकांचं घर मला हवंच होतं. काकांना ते एकट्याला झाडायला मोठं पडत होतं. कौलं फिरवायला वर चढवत नव्हतं. त्यांनी एका नव्या वस्तीत तळमजल्यावर एका खोलीची जागा बघून ठेवली होती. त्यांनी भाव सांगितला, मी भीतभीत थोडा कमी सांगितला, आणि ते लगेच "हव" म्हणाले. सौदा ठरला की तोंड गोड करायची इथली रीत. मी सदर बाजारातून पेढे आणले.

पेढा हातात घेतल्यावर मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला जरा दिलासा द्यावा. आपण हौसेने बांधलेलं घर कुणा निष्काळजी माणसाच्या हातात जात नाही, हे त्यांना कळावं. म्हणून मी म्हणालो, "काळजी करू नका काका. आधी तो ओटा तोडून चांगला कमरेइतका करतो. वर ग्रॅनाइट टाकतो."

काकांनी पेढा तोंडाशी नेला होता, तो परत डब्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलासमोर हजर. म्हणाले, "साहेब, पंचवीस हजार वाढले."

मी कारण विचारलं.

"राजधानी झाली न बाप्पा."

हे वाक्य त्यांना फार आवडायचं. पेरू महागले, राजधानी झाली. न्हाव्याकडे रांग, राजधानी झाली. शेजारच्या बाईंचा पाय मुरगळला तरी त्याचा संबंध ते दोन वाक्यांत राजधानीशी जोडत. मी म्हणालो, काका, सौदा तर ठरला होता, आपण पेढेसुद्धा खाल्ले.

"तुम्ही खाल्ले. मी डब्यात ठेवला होता. आणि राजधानी आणली कोणं? तुम्हीच न? भोपाळहून ट्रकात भरून? आता भरा."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मला मात्र ते पटलं. आम्ही आलो म्हणून भाव वाढले, हे काही खोटं नव्हतं. मी कबूल झालो आणि पुन्हा पेढे आणले.

त्यानंतर मी वीजमिस्त्रीला घेऊन गेलो. बटणं वर घ्यायला वायर किती लागेल, याचं त्याने माप घेतलं. संध्याकाळपर्यंत भाव वाढला. पुन्हा राजधानी, पुन्हा पेढे. मग एकदा मी तार, खुंट्या आणि आरसा या सगळ्यांची वर जाण्याची व्यवस्था उत्साहाने समजावून सांगितली. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकदम मोठा आकडा सांगितला. चौथ्यांदा दुकानात गेलो तेव्हा हलवाई डबा बांधता बांधता म्हणाला, "बधाई हो भैया. एक ही मकान है न?"

ऑफिसात सल्ल्यांची कमतरता नव्हती. कोणी म्हणे म्हातारा लोभी आहे, कोणी म्हणे चळला आहे. मला दोन्ही पटत नव्हतं, कारण घर पाडून तिथे दुकानं काढायला निघालेल्या एका बिल्डरने त्यांना दुप्पट पैसे देऊ केले होते, आणि काकांनी त्याच्याकडे चौपट मागितले होते. लोभी माणूस दुप्पट घेतो.

शेवटी माझी बायको सुनंदा म्हणाली, "आज मी येते. तुम्ही बोलू नका. बोलायला लागलात की भाव चढतो."

हे ती नुसतं टोमणा म्हणून बोलली होती, पण त्यात किती तथ्य होतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. ठरवून गेलो की पहिल्या भावाला घर मिळालं तर घ्यायचं, नाहीतर राम राम करून उठायचं. उठलो असतो तर सामान कुठे नेलं असतं, याचा विचार मी रिक्षात मुद्दाम केला नाही.

काका चहा करायला गेले. त्यांची ती पाठीची कमान सुनंदाला बघवेना. त्यांना बाहेर बसवून ती स्वतः ओट्याशी उभी राहिली. तीही वाकली. चहा उकळेपर्यंत तिने इकडेतिकडे पाहिलं असावं. कडी, खुंटी, फळी, मागच्या दारातून दिसणारी तार. कप घेऊन बाहेर आली तेव्हा ठरवलेलं एकही वाक्य तिने उच्चारलं नाही. तिने विचारलं, "काका, काकू केवढ्या होत्या?"

मला वाटलं, वय विचारते आहे. काकांना मात्र बरोबर समजलं. ते उभे राहिले आणि आपला तळहात शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी आडवा धरला.

"इथपर्यंत," ते म्हणाले. मग जरा थांबून, खरं तेच सांगावं म्हणून, "चपला घालून."



"मिस्त्री म्हणे, साहेब, तुमच्या मापानं करू," काका सांगू लागले. "मी म्हटलं, मी तर अर्धा हप्ता गाडीवर असतो. घर वापरते कुसुम. बापाच्या घरी स्टुलावर चढचढून जिंदगी काढली पोट्टीनं. दिवा लावाले स्टूल, कडी काढाले स्टूल. माझ्या घरी काहून चढावं तिनं?"

मी केलेली सगळी भाषणं मला आठवली. पेढे वाटत वाटत मी त्या घरातून काकूंना एकेक वस्तू करून बाहेर काढत होतो, आणि काका तितक्या वेळा किंमत सांगत होते. मला लगेच कबूल करावंसं वाटलं की काही बदलणार नाही, सगळं असंच ठेवू. तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी ते मिटलं.

ती म्हणाली, "काका, खोटं नाही सांगत. या ओट्यावर माझी कंबर राहायची नाही. तो मी उंच करणार. पण तोडणार नाही. याच्याच वर विटा चढवू. खाली काकूंचा तसाच राहील."

काका स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन ओटा बघून आले.

"किती विटा?"

"तीन थर."

"ग्रॅनाइट?"

"कशाला? कडप्पाच बरा."

"मग जुना भाव," काका म्हणाले. "पयला. बाकी राजधानीचं राजधानी पाहून घेईल."

सुनंदाने त्यातून चार डबे पेढ्यांचे पैसे वजा करून मागितले. काकांनी तीन डब्यांचे दिले. पहिला म्हणे रीतीचा होता.

शाळा सुरू व्हायच्या आत आम्ही ब्राह्मणपाऱ्यात राहायला आलो. त्याआधी काकांचं सामान हलवायला मी त्यांच्याबरोबर नव्या जागेत गेलो. स्वच्छ, कोरी खोली होती. बटणं खांद्याशी, ओटा कमरेशी, सगळं बिल्डरने ठरवलेल्या मापाचं. जुन्या घरातून त्यांनी फारसं काही आणलं नव्हतं. आरसा मात्र स्वतः मांडीवर धरून आणला होता. सुताराने तो काकांच्या चेहऱ्यासमोर भिंतीला लावून धरला. काका ताठ उभे होते आणि आरशात त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता. मी तरी तो तसा पहिल्यांदाच पाहत होतो.

"बराबर है न, बाबूजी?" सुताराने विचारलं.

"नीचे," काका म्हणाले.

त्याने आरसा थोडा खाली घेतला.

"और नीचे."

सुतार माझ्याकडे पाहू लागला. काकांनी तळहात शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी आडवा धरला. मी सुताराला म्हणालो, "भैया, वहीं ठोक दो."

खिळा ठोकून तो गेला. काकांनी धोतराच्या सोग्याने आरसा पुसला, दोन्ही गुडघे मोडले, मान पुढे काढली. आणि मग आरशासमोरून थोडे बाजूला सरकले, दुसऱ्या माणसाला जागा होईल इतके.