ठमीला झाडावर चढवताना

ठमी झाडावर चढायला तयार नव्हती. ओरांगउटानचं पिल्लू असूनही नव्हती, हेच तर दुखणं होतं. अनाथ प्राण्यांच्या त्या केंद्रात आल्या दिवशी तिनं अप्पांच्या गळ्याला जी मिठी मारली, ती काही सोडली नाही. अप्पा तिथं पिल्लं सांभाळायच्या कामावर होते. पुढे पोट, वर टक्कल आणि गळ्यात ठमी, अशा थाटात ते सगळीकडे हिंडत. तिला बाटलीनं दूध पाजत, अंग पुसून देत आणि घरच्या कटकटीही तिलाच सांगत.

"अप्पा, हिचे हात बघा," डॉक्टरीणबाई एके दिवशी म्हणाल्या. "पायांपेक्षा लांब. बोटं आकड्यासारखी वळलेली, फांदीला अडकवली की झालं. आणि पाय तर नावालाच पाय, तेही हातच आहेत. हे सगळं काय तुमच्या गळ्यात लटकायला दिलंय?"

"घाबरते हो ती."

"ती घाबरते की तुम्ही?"

अप्पांनी ठमीला डाव्या खांद्याशी नीट सावरून घेतलं. पुढच्या महिन्यात मोठी पिल्लं जंगलात जाणार होती. ठमी झाडावर वावरू लागली तर तीही आज ना उद्या जाणार. नाहीतर जन्मभर पिंजरा. तिनं पिंजऱ्यात राहावं असं अप्पांना वाटत नव्हतं. तिनं जावं असंही वाटत नव्हतं.

"आई वर जाते म्हणून पिल्लू वर जातं," बाई म्हणाल्या. "हिची आई कोण?"

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं.

मग शिडी आली. अप्पांनी ठमीला खाली बसवलं, देवाचं नाव घेतलं आणि कण्हत कुंथत ते एका जाड फांदीपर्यंत पोचले. फांदीवर टांग टाकताना विजार मागून टर्रकन फाटली. त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"ये, ठमे! बघ, किती मजा आहे इथं!" ते फांदीला घट्ट मिठी मारून, डोळे मिटून म्हणाले.

ठमीला मजा दिसली नाही. आपला माणूस पळवला तो या शिडीनं, एवढं मात्र तिला दिसलं. तिनं शिडीचा पाय धरला आणि रागानं ओढला. शिडी आडवी झाली, उतारावरून घसरत गेली आणि आवारामागच्या खंदकात पडली. मग ठमीनं भोकाड पसरलं.

"पहारेकरी!" डॉक्टरीणबाई फाटकाकडं बघून ओरडल्या. "अग्निशमन दलाला फोन लावा! अडकलेत वरती!"

पहारेकऱ्यानं फोन लावला. "ओरांगउटानच्या आवारात या लवकर. झाडावर एक अडकलाय. चांगला मोठा आहे. घाबरलाय, फांदी सोडत नाही." मग त्यानं अप्पांच्या घरीही फोन केला. त्याला कामात कसूर खपत नसे.

अप्पांची बायको शेजारच्याच वसाहतीतून हातातल्या पिशवीसकट धावत आली. झाडाखाली उभं राहून तिनं वर पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"अहो, हे काय वय आहे का?"

"कामावर आहे मी!" अप्पा वरून म्हणाले. "आणि तिकडून बघू नकोस. विजार फाटलीय."

इकडं ठमीचं रडणं थांबलं होतं. तिनं खोडावर एक हात टेकवला. मग दुसरा. मग खालच्या दोन हातांनीही खोड धरलं.

"पडशील गं!" अप्पा ओरडले. "थांब, येऊ नकोस!"

"अप्पा, तोंड बंद!" डॉक्टरीणबाई दबक्या आवाजात ओरडल्या.

ठमी वर आली. एका हातानं फांदी, एका पायानं दुसरी, आणि उरलेले दोन जणू वेळ पडली तर असावेत म्हणून. घसरली, लोंबकळली, झोका घेऊन पुन्हा धरलं, आणि अप्पांच्या गळ्यात पडली. अप्पांचे डोळे भरून आले. पुसायला हात सोडायची मात्र सोय नव्हती.

थोड्या वेळानं ती त्यांच्या गळ्यातून सुटली आणि भोवतालच्या डहाळ्या वाकवून त्यांच्याखाली दाबू लागली. एक पानांचा झुबका तिनं त्यांच्या टकलावर ठेवला.

"घरटं करतेय!" डॉक्टरीणबाई हरखल्या. "कुणी शिकवलं?"

"रोज हिच्या टोपलीत पाला दाबून अंथरायचो," अप्पा म्हणाले. "बघत बसायची... ठमे, ती नको! ती डहाळी मी धरलीय!"

तेवढ्यात दलाची माणसं जाळं घेऊन आत शिरली. प्रमुखानं वर पाहिलं. "कुठाय प्राणी?"

"प्राणी मजेत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस उतरवायचाय."

जाळं परत गेलं, लांब शिडी आली. अप्पा एकेक पायरी उतरले आणि जमिनीला पाय लागताच वळून त्यांनी दोन्ही हात पसरले. "चल ठमे, ये."

ठमीनं त्यांच्याकडं पाहिलं. खालचा ओठ पुढं काढून जरा विचार केला. आणि ती आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसली.

"तिलाही उतरवू का?" प्रमुखानं विचारलं.

अप्पांचे हात अजून पसरलेलेच होते. ते त्यांनी हळूच खाली घेतले.

"नको हो," ते म्हणाले. "आत्ता कुठं वर गेलीय."

घरी जाताना बायको त्यांच्या मागून चालत होती, फाटकी विजार कुणाला दिसू नये म्हणून. गळ्याशी कुणी नव्हतं, तरी डावा खांदा सवयीनं उंच धरून अप्पा सांभाळून पावलं टाकत होते.

बायको दोन पावलं पुढं झाली आणि हातातली पिशवी तिनं त्यांच्या त्या खांद्याला अडकवली.

"घ्या," ती म्हणाली. "जड झालीय मला."

पिशवी रिकामी होती. अप्पांनी ती घरापर्यंत नीट सांभाळून नेली.